टेपवर नेमका किती डेटा मावतो? एलटीओ टेपची क्षमता आणि कॉम्प्रेशनचा हिशेब

सर्व्हरच्या डेटाचा बॅकअप, म्हणजे राखीव प्रत, ठेवायला एलटीओ नावाची चुंबकीय टेप वापरतात. तिच्या सहाव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-६ टेपच्या वेष्टनावर दोन आकडे असतात: २.५ टीबी आणि ६.२५ टीबी. कोटेशनमध्ये मोठा आकडा येतो, खरेदीच्या टिपणीत तोच उतरतो आणि मग ऑफिसातल्या सगळ्यांच्या डोक्यात तोच बसतो. माझ्याही बसला होता. लातूरकडच्या एका रुग्णालयाच्या बॅकअपचा आराखडा करताना मी टेपपुढे ६.२५ लिहिलं आणि ४ टीबी डेटासाठी एक टेप पुरेल असं सांगून आलो. काही दिवसांनी तिथल्या हिशेबनीस मुलीचा फोन आला, "सर, मशीन दुसरी टेप मागायलंय. देऊ का?" विचारपूस केली तेव्हा कळलं की मशीन १९ दिवसांपासून दुसरी टेप मागत होतं. सर्व्हरची खोली बंद, स्क्रीन बंद, रोज रात्री बॅकअप अर्ध्यावर थांबलेला. त्या १९ दिवसांत सर्व्हर बसला असता तर रुग्णांचे तपासणी अहवाल कुठूनच परत आणता आले नसते.

अशी चूक मी नंतर पतसंस्थांमध्ये, साखर कारखान्यांच्या ऑफिसात, महाविद्यालयांत पुन्हा पुन्हा पाहिली. प्रत्येक ठिकाणी कारण एकच होतं. मोठा आकडा हा टेपचा गुण आहे असं सगळे धरून चालतात. खरं तर तो कॉम्प्रेशननंतर, म्हणजे डेटा दाबून लहान केल्यावर, किती मावेल याचा कंपनीने बांधलेला अंदाज असतो, आणि तुमचा डेटा कंपनीने पाहिलेलाच नसतो. म्हणून हिशेब स्वतः करावा लागतो. त्याचा क्रम खाली दिला आहे. क्रम मोडू नका, कारण पुढच्या टप्प्याचे आकडे मागच्या टप्प्यातून येतात.

## आधीची तयारी

एक दिवस राखून ठेवा. ड्राइव्हचं (टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या मशीनचं) मॉडेल, हाताशी असलेल्या टेपांची यादी, बॅकअप सॉफ्टवेअरचा पासवर्ड, एक रिकामी चाचणी टेप आणि ड्राइव्ह साफ करणारी एक क्लीनिंग टेप जवळ हवी. सर्व्हरवर नमुने दाबून पाहण्यासाठी शंभरेक जीबी मोकळी जागा लागेल. कागद-पेनही घ्या. आकडे तोंडी राहिले की कोणता आकडा कॉम्प्रेशनच्या आधीचा आणि कोणता नंतरचा, याचा घोळ हमखास होतो.

सावध: चाचणी टेप म्हणून जुन्या बॅकअपची टेप उचलू नका. "यात काही महत्त्वाचं नाही" असं कोणी सांगितलं तरी सॉफ्टवेअरमध्ये तिची यादी उघडून स्वतः बघा.

## टप्पा १: टेपचा खरा आकडा लिहा

टेपची नेटिव्ह क्षमता, म्हणजे काहीही न दाबता जेवढा डेटा मावतो तेवढीच कागदावर घ्या. कंसातला आकडा फक्त ओळखण्यासाठी दिला आहे, तो हिशेबात धरायचा नाही.

- एलटीओ-५: १.५ टीबी (३)
- एलटीओ-६: २.५ टीबी (६.२५)
- एलटीओ-७: ६ टीबी (१५)
- एलटीओ-८: १२ टीबी (३०)
- एलटीओ-९: १८ टीबी (४५)

एलटीओ-५ पर्यंत कंपन्या २:१ कॉम्प्रेशन गृहीत धरत. एलटीओ-६ पासून २.५:१ धरू लागल्या, कारण ड्राइव्हमधली कॉम्प्रेशनची स्मृती वाढवली आणि मागे येऊन गेलेला मजकूर जास्त लांबवरून ओळखता येऊ लागला. सुधारणा खरी आहे, पण ज्या डेटात पुनरावृत्ती आहे त्यालाच तिचा उपयोग होतो.

आता पिढी तपासा. एलटीओ-६ ड्राइव्हमध्ये एलटीओ-५ टेपही चालते आणि तिच्यावर लिहिताही येतं. पण मावणार १.५ टीबीच. नवा ड्राइव्ह जुनी टेप मोठी करत नाही. टेपच्या रंगावरून पिढी ओळखू नका, कारण प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात. बारकोड चिकटवलेला असेल तर शेवटची दोन अक्षरं वाचा, 'एल५', 'एल६' अशी ती पिढी सांगतात. नसेल तर टेप ड्राइव्हमध्ये घालून सॉफ्टवेअरला विचारा.

टेप घेताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एलटीओ-७ ड्राइव्ह एलटीओ-६ वर लिहितो-वाचतो आणि एलटीओ-५ फक्त वाचतो. एलटीओ-८ मात्र एलटीओ-७ च्या मागे जात नाही. नवा ड्राइव्ह आला म्हणून जुना भंगारात देऊ नका, नाहीतर जुन्या टेपा कपाटात असूनही वाचता येणार नाहीत.

तपासणी: विंडोज "२.२७ टीबी" दाखवतं तेव्हा ती टेपवाल्यांच्या भाषेत २.५ टीबी असते. टेपवाले एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट धरतात, विंडोज दोनचा चाळिसावा घात धरतं. म्हणून विंडोजने दाखवलेल्या डेटाला १.१ ने गुणा आणि मगच टेपच्या आकड्याशी ताडा. हे एकच काम राहून गेलं तरी हिशेब दहा टक्क्यांनी चुकतो.

## टप्पा २: डेटाची वर्गवारी करा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. सगळ्या चुकांची मुळं इथेच असतात.

मानवत किंवा सेलूच्या जिनिंगवर कापसाची गाठ बांधताना पाहिली असेल. खोलीभर पसरलेली रुई प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोची आवळलेली गाठ बाहेर येते. तीच गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर ती अर्धी होत नाही, कारण आतली मोकळी हवा पहिल्याच दाबात निघून गेलेली असते. डेटाचंही तसंच आहे. ड्राइव्ह पुनरावृत्ती शोधतो आणि तीच गोष्ट पुन्हा आली की छोट्या खुणेने लिहितो. ज्या फायलीतली पुनरावृत्ती आधीच कोणीतरी काढून टाकली आहे तिच्यात ड्राइव्हला काही सापडत नाही.

म्हणून सर्व्हरवरचा डेटा दोन ढिगांत वाटा.

मोकळी रुई म्हणजे साध्या मजकुराच्या फायली, लॉग, सीएसव्ही, न दाबलेले डेटाबेस, जुन्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या डेटा फायली, जुन्या पद्धतीच्या वर्ड-एक्सेल फायली. आवळलेली गाठ म्हणजे जेपीजी फोटो, एमपी४ चित्रफिती, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग, झिप फायली, स्कॅन करून केलेल्या पीडीएफ. नव्या पद्धतीच्या वर्ड-एक्सेल फायलीही यातच येतात. त्या आतून झिप असतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, म्हणून "आमच्याकडे तर नुसती ऑफिसची कागदपत्रं आहेत, दाबली जातील" असा समज पसरतो.

दोन्ही ढिगांत न बसणाऱ्या गोष्टी काळजीने पाहा. डायकॉम फायली, म्हणजे सीटी स्कॅन, एमआरआय, एक्स-रेच्या प्रतिमा, कधी न दाबता साठवतात तर कधी आधीच दाबून. मशीन बसवणाऱ्याने काय निवडलं होतं ते विचारा. व्हर्च्युअल मशीनच्या (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या आभासी संगणकाच्या) डिस्क फायलींत आतला बराच भाग रिकामा असतो, शून्यांनी भरलेला. तो कमालीचा दाबला जातो, पण आत खरा डेटा भरत गेला की प्रमाण घसरतं. डेटाबेसचा बॅकअप सॉफ्टवेअरनेच दाबून काढला असेल तर तो गाठ झालेलाच आहे.

आणि एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा डेटा सांकेतिक करणं. एन्क्रिप्ट केलेल्या डेटात कसलीही पुनरावृत्ती उरत नाही, उरली तर ते एन्क्रिप्शन कच्चं. तो १:१ धरा, त्यात दुसरा विचार नको. डेटाबेस डिस्कवरच एन्क्रिप्ट होऊन बसत असेल तर त्याच्या फायलींनाही हेच लागू आहे.

## टप्पा ३: नमुना दाबून मोजा

अंदाजावर थांबू नका. प्रत्येक प्रकारातला १० ते २० जीबी नमुना घ्या, जीझिप या फायली दाबणाऱ्या प्रोग्रामच्या सगळ्यात जलद पातळीवर दाबा आणि आधीच्या आकाराला नंतरच्या आकाराने भागा. १० जीबीचे ४ जीबी झाले तर प्रमाण २.५:१. ड्राइव्हची पद्धत याच घराण्यातली असते, पण जीझिपपेक्षा थोडी कमी दाबते असं धरून आलेलं प्रमाण जरा खाली ओढा. सर्वाधिक दाबणारी पातळी वापरू नका. ती वेळ घालवून चिकाटीने दाबते, ड्राइव्हला तेवढी सवड नसते.

नमुना कसा निवडता यावर सगळं अवलंबून आहे. एकाच फोल्डरमधून घेऊ नका. चालू वर्षाच्या, तीन वर्षांपूर्वीच्या आणि सगळ्यात जुन्या फायलींतून थोडं थोडं घ्या. नांदेडच्या एका ऑफिसात मी फक्त जुन्या फोल्डरचा नमुना घेतला होता. प्रमाण छान आलं. नंतर कळलं की गेल्या चार वर्षांत तिथे सगळं स्कॅन करूनच ठेवतात आणि डेटातली सगळी वाढ त्याच स्कॅनची आहे.

सावध: कॉम्प्रेशन तपासायला रिकाम्या किंवा एकसारख्या फायली बनवून टेपवर लिहू नका. शून्यांची फाइल इतकी दाबली जाते की त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

## टप्पा ४: कॉम्प्रेशन एकाच जागी चालू ठेवा

कॉम्प्रेशन बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये करता येतं आणि ड्राइव्हमध्येही. दोन्हीकडे चालू ठेवलं तर दुप्पट दाबलं जाईल ही आशा सोडा, ती गाठ पुन्हा दाबण्याची गोष्ट आहे. एलटीओ ड्राइव्हला डेटा दाबला जात नाही असं दिसलं की तो जसाच्या तसा पुढे पाठवतो, त्यामुळे मोठं नुकसान होत नाही. पण सर्व्हरचा प्रोसेसर उगाच राबतो आणि पुढे आकडे वाचताना गोंधळ होतो.

कुठलं निवडायचं? सर्व्हर आणि ड्राइव्ह एकाच मशीनला जोडलेले असतील तर ड्राइव्हचं कॉम्प्रेशन घ्या. डेटा दुसऱ्या इमारतीतून नेटवर्कवर येत असेल आणि तारच अरुंद असेल तर डेटा जिथून निघतो तिथे सॉफ्टवेअरने दाबा, कमी माल वाहावा लागेल.

एन्क्रिप्शन हवं असेल तर क्रम चुकवू नका: आधी दाबायचं, मग एन्क्रिप्ट करायचं. एलटीओ-४ पासून पुढच्या ड्राइव्हमध्ये एन्क्रिप्शनची सोय असते आणि ड्राइव्ह हा क्रम स्वतःच पाळतो. सॉफ्टवेअरचं एन्क्रिप्शन चालू करून ड्राइव्हच्या कॉम्प्रेशनवर विसंबलात तर ड्राइव्हपर्यंत एन्क्रिप्ट झालेला डेटा पोहोचतो आणि टेप २.५ टीबीवर संपते. "परवापर्यंत मावत होतं, आज मावत नाही" अशी तक्रार आली की मी सगळ्यात आधी विचारतो, मधल्या काळात कोणी एन्क्रिप्शनची खूण केली का?

## टप्पा ५: हिशेब मांडा

एका मध्यम रुग्णालयाचं उदाहरण घेऊ. समजा एकूण डेटा ४.२ टीबी आहे, टेपवाल्यांच्या मापाने. त्यात डेटाबेस ०.८ टीबी, नमुन्यात प्रमाण २.५:१ आलं. आधीच दाबलेल्या प्रतिमा २.४ टीबी, १:१. सीसीटीव्ही ०.७ टीबी, १:१. लॉग आणि जुनी कागदपत्रं ०.३ टीबी, २:१.

टेपवर लागणारी जागा: ०.३२ + २.४ + ०.७ + ०.१५ = ३.५७ टीबी.

म्हणजे एकूण प्रमाण ४.२ भागिले ३.५७, जेमतेम १.१८:१. वेष्टनावर २.५:१ लिहिलेलं असताना! डेटाबेस छान दाबला गेला, पण तो एकूण ढिगाऱ्यात लहान होता. मोठा वाटा प्रतिमांचा होता आणि त्या हलल्याच नाहीत. प्रमाणांची साधी सरासरी काढणारे इथे फसतात: २.५, १, १, २ यांची सरासरी १.६ च्या वर जाते आणि चुकीचा दिलासा देते. प्रत्येक प्रकाराची टेपवरची जागा काढा, मग बेरीज करा.

आता १५ टक्के राखीव धरा: ४.१ टीबी. एलटीओ-६ च्या दोन टेपा लागतील, म्हणजे ५ टीबी. दर वर्षी १.२ टीबी प्रतिमा वाढत असतील तर ही ऐसपैस वाटणारी जागा वर्ष पुरं व्हायच्या आतच संपेल. तिसऱ्या टेपेची तजवीज आजच करा, किंवा एलटीओ-७ चा विचार करा. तिथे ६ टीबीच्या एका टेपवर सगळं बसतं आणि रात्री टेप बदलायला माणूस लागत नाही.

सीसीटीव्ही खरंच टेपवर ठेवायचं का, हेही याच वेळी ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: कायद्याने किंवा विम्यासाठी गरज नसेल तर नको. चांगल्या टेपा त्यानेच भरतात.

तपासणी: एका संचाचा हा हिशेब झाला. रोजची, आठवड्याची, महिन्याची टेप आणि दुसऱ्या जागी ठेवायची प्रत धरून एकूण टेपा मोजा, मगच मागणी टाका.

## टप्पा ६: वेळ पुरते का ते बघा

एलटीओ-६ चा मूळ वेग सेकंदाला १६० एमबी आहे. ३.५७ टीबी त्या वेगाने लिहायला सव्वासहा तास लागतात. पण डेटा गिगाबिट नेटवर्कवरून येत असेल तर फार तर सेकंदाला ११० एमबी हाती लागतात आणि ४.२ टीबी यायला साडेदहा तास जातात. लिहिलेलं पडताळून पाहायचं असेल तर वेळ आणखी वाढते. रात्री १० ला सुरू केलेलं काम सकाळी ओपीडी सुरू झाली तरी चालूच राहील.

डेटा फार हळू आला तर ड्राइव्हला थांबावं लागतं, टेप मागे घ्यावी लागते, पुन्हा सुरू करावं लागतं. यात टेपही झिजते आणि हेडही, म्हणजे ड्राइव्हमधला टेप वाचणारा-लिहिणारा भाग. लाखो छोट्या फायली असतील तर हे नक्की होतं. त्या आधी डिस्कवर एका मोठ्या फायलीत गोळा करा आणि मग टेपवर पाठवा.

## टप्पा ७: चाचणी टेपवर खरी नोंद घ्या

चाचणी टेपवर पूर्ण बॅकअप चालवा. संपल्यावर सॉफ्टवेअरचा "शिल्लक जागा" हा आकडा बघू नका, तो बहुतेक वेळा अंदाजच असतो. ड्राइव्ह स्वतः दोन मोजण्या ठेवतो: सर्व्हरकडून किती आलं आणि टेपवर प्रत्यक्ष किती लिहिलं. ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीच्या तपासणी साधनात त्या दिसतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की तुमचं खरं प्रमाण मिळतं. ते टप्पा ५ च्या प्रमाणाजवळ असलं पाहिजे. फार वेगळं असेल तर पुढे जाऊ नका. एखादी वर्गवारी चुकली आहे किंवा टप्पा ४ मध्ये काहीतरी दोनदा चालू आहे.

लिनक्सवर स्वतः आदेश लिहून बॅकअप घेत असाल तर एक गोष्ट नीट पाळा. तिथे एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात. 'एसटी०' (st0) या नावाने लिहिलं की काम संपताच टेप सुरुवातीला गुंडाळली जाते आणि पुढचा बॅकअप आधीच्यावर लिहिला जातो. 'एनएसटी०' (nst0) वापरलं तर टेप जिथे थांबली तिथेच राहते. एका अक्षराच्या फरकाने आठवड्याचे सहा बॅकअप पुसले गेलेले मी पाहिले आहेत.

## टप्पा ८: टेप हिशेबाआधीच भरली तर

नेटिव्ह आकड्याच्याही आत टेप संपली तर कारणं या क्रमाने तपासा.

१. मापाचा घोळ. सॉफ्टवेअर २.२७ दाखवतंय का? मग काही बिघडलेलं नाही.

२. टेप आधीच अर्धी भरलेली होती. टेपवर नवं नेहमी शेवटाला जोडलं जातं. मधला जुना बॅकअप मुदत संपून यादीतून गेला तरी त्याची जागा मोकळी होत नाही. संपूर्ण टेप पहिल्यापासून लिहिली तरच ती मिळते. एलटीएफएस (टेपवरच्या फायली फोल्डरांसारख्या दाखवणारी पद्धत) वापरून टेप पेन ड्राइव्हसारखी हाताळणाऱ्यांची इथे फार फसगत होते, फाइल पुसली तरी जागा परत येत नाही. शिवाय एलटीएफएस टेपचा एक भाग स्वतःच्या सूचीसाठी राखून ठेवतं.

३. हेड मळलेलं किंवा टेप झिजलेली. लिहिलेलं नीट वाचता आलं नाही तर ड्राइव्ह तोच तुकडा पुढे पुन्हा लिहितो आणि जागा खातो. क्लीनिंग टेप फिरवा. तरीही तसंच झालं तर दुसरी टेप घालून बघा. दुसरी नीट भरली तर पहिली टेप बाद करा, मोह ठेवू नका.

४. जुन्या पिढीची टेप चुकून आली. टप्पा १ पुन्हा करा.

## ऊन, धूळ आणि वीज

हे आपल्याकडे वेगळं सांगावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी दुसरी प्रत घरी नेण्यासाठी कोणीतरी टेप मोटारसायकलच्या डिकीत टाकतं आणि मे महिन्याच्या दुपारी गावभर कामं करत फिरतं. चालू वापरात टेपला ४५ अंशांपर्यंत चालतं, उन्हातली डिकी त्याच्या पुष्कळ वर जाते. टेप सकाळी लवकर न्या, तिच्या प्लास्टिकच्या डबीत घालून न्या, आणि परत आणल्यावर २४ तास ड्राइव्हच्याच खोलीत ठेवून मगच ड्राइव्हमध्ये घाला. एलटीओ-९ ची नवी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह तिची जुळवणी करतो, त्यात दोन तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो. ड्राइव्ह अडकला समजून बटण दाबू नका.

टेप हातातून पडली असेल तर ती तशीच आत सारू नका. पुढची छोटी झडप उघडून आतली पिन जागेवर आहे का ते बघा. सरकलेल्या पिनेमुळे ड्राइव्हच निकामी होऊ शकतो.

वीज गेली तर? सर्व्हरला यूपीएस असतो आणि बाहेर ठेवलेला टेप ड्राइव्ह मात्र साध्या प्लगवर, हे चित्र मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. ड्राइव्हही यूपीएसवर घ्या. लिहिता लिहिता वीज गेली तर त्या रात्रीचा बॅकअप झाला असं धरू नका, पुन्हा चालवा.

## टप्पा ९: नोंदवही आणि परत आणण्याची चाचणी

सर्व्हरच्या खोलीबाहेर, जिथे रोज कोणी बसतं तिथे, वही ठेवा. रोज सकाळी एक ओळ लिहायची: तारीख, टेपचा क्रमांक, सर्व्हरकडून आलेला डेटा, टेपवर लिहिलेला डेटा, काम पूर्ण झालं की अडलं, लिहिणाऱ्याची सही. पहिल्या पानावर टप्पा ५ चा हिशेब चिकटवा. टेपवर लिहिलेला डेटा टेपांच्या एकूण नेटिव्ह क्षमतेच्या ८५ टक्क्यांवर गेला की नव्या टेपेची मागणी त्याच दिवशी टाकायची, हेही तिथेच लिहा.

महिन्यातून एकदा टेपवरून एक डेटाबेस आणि कोणत्याही दहा फायली दुसऱ्या मशीनवर परत आणून उघडून बघा. बॅकअप दोन टेपांवर पसरला असेल तर एक फाइल मुद्दाम दुसऱ्या टेपवरची घ्या. पहिली टेप नीट वाचली जाते आणि दुसरी कोणी कधी तपासलेलीच नसते, असं फार वेळा होतं.

त्या रुग्णालयात आता वही रिसेप्शनच्या टेबलावर असते. हिशेबनीस मुलगीच ती भरते, आणि सलग दोन दिवस "अडलं" लिहावं लागलं तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता मला फोन करते.